सार्वमत घ्या म्हणतो आपण, पण कशाकशावर?

खानापूरकर

बेळगाव सीमाप्रश्नाच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं, 'एकदा सार्वमत घ्या आणि विषय मिटवा.' खाली +1 ची रांग लागली. फाशीच्या धाग्यावरही तोच सूर: देशभर मतदान घेतलं तर बलात्काऱ्याला भर चौकात फाशी हेच उत्तर येईल. आणि समलिंगी विवाहाच्या धाग्यावर त्यातल्याच एका आयडीने ठासून सांगितलं की असले विषय लोकांच्या मतावर सोडायचे नसतात. आयडीचं नाव घेत नाही, तो इथे येणारच आहे.

थोडक्यात, उत्तर आपल्या बाजूचं येणार असेल तिथे सार्वमत, नाहीतर संस्कृती. हे मला पटत नाही.

या विषयावर बोलायचा हक्क आपल्या सीमाभागातल्या लोकांना जरा जास्तच आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही चतुःसूत्री ऐकतच आपण मोठे झालो. शिवाय अलीकडच्या काळात जगभर गाजलेल्या एका सार्वमताच्या वेळी डब्लिनच्या भिंतीवर ज्या बाईचं चित्र रंगवलं होतं, ती आपल्या बेळगावची होती.

सविता हलप्पनवार. दातांची डॉक्टर. 21 ऑक्टोबर 2012 ला आयर्लंडमध्ये गॉलवेच्या हॉस्पिटलात दाखल झाली, सतरावा आठवडा चालू होता. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मग मोकळं तरी करा, असं तिने विनवलं. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने हात लावता येत नाही, असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे, असं तिथल्या एका परिचारिकेने तिला सांगितलं होतं, हे पुढे मृत्यूच्या चौकशीत नोंदलं गेलं. जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि 28 तारखेला ती गेली. वय 31.

आता ज्या कलमामुळे हात बांधले होते, ते आलं कुठून? सार्वमतातून. 1983 मध्ये आयर्लंडच्या जनतेने मतदान करून घटनेत आठवी दुरुस्ती घातली, की गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समान. 66.9 टक्के लोक बाजूने. ही भाषा संदिग्ध आहे, पुढे घोळ होईल, असा इशारा सरकारच्याच ॲटर्नी जनरलने मतदानाआधी दिला होता. घोळ झालाच. 1992 मध्ये बलात्कारातून गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जायला कोर्टाने बंदी घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आत्महत्येचा धोका असेल तर गर्भपात चालेल, असा निकाल आला. त्या निकालाचा कायदा करायला तिथल्या सरकारांनी वीस वर्षं लावली. तो आला 2013 मध्ये, सविता गेल्यानंतर.

25 मे 2018 ला पुन्हा मतदान झालं आणि 66.4 टक्क्यांनी ते कलम काढलं. जवळजवळ जेवढ्या टक्क्यांनी घातलं, तेवढ्याच टक्क्यांनी काढलं. मधे 35 वर्षं. 2018 ला 53 वर्षांखालच्या कुणालाही 1983 मध्ये मत नव्हतं. म्हणजे बाळंतपणाच्या वयातल्या एकाही बाईने त्या कलमाला कधी हो किंवा नाही म्हटलेलं नव्हतं. आणि सविता? ती जगली असती तरी नागरिकत्व घेतल्याशिवाय तिला मत नसतंच. आयर्लंडमध्ये सार्वमताचा हक्क फक्त नागरिकांना आहे.

माझं म्हणणं एवढंच. सार्वमतात लोक काय म्हणाले यापेक्षा प्रश्न कोणी लिहिला आणि मतदारयादीत कोण होतं हे आधी बघायला हवं. फौजदारी कायद्यात तर फारच. तिथे ज्याच्या अंगावर कायदा पडतो, तो बहुतेक वेळा यादीतच नसतो.

बोला.

तिसरं_रेल्वेगेट

मी पहिला. सविताच्या वडिलांनी बेळगावातूनच आयरिश लोकांना 'हो' ला मत द्या म्हणून आवाहन केलं होतं. निकालानंतर नव्या कायद्याला मुलीचं नाव द्या अशीही विनंती केली. नाव काही दिलं नाही. आपल्याकडे त्या दिवशी किती लोकांना या निकालाचं काही वाटलं, देव जाणे. त्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती आणि महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार आला नाही याचीच सगळीकडे चर्चा.

निपाणीचा_तंबाखू

आलो बघा, तो आयडी मीच हाय. लपायचं काय कारण?

खानापूरकर, तू दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधायलास. सीमेचा प्रश्न आमच्या गावाचा हाय, मत बी आमचंच. माझ्या गावाने महाराष्ट्रात जावं का न्हाई हे बिदरच्या माणसाला विचारायचं कारण न्हाई आणि नागपूरच्या माणसालाबी न्हाई. फाशीचं म्हणशील तर बलात्कार कुणाच्याबी घरात होऊ शकतो, म्हणून सगळ्यांना विचारा. लग्नाचं वेगळं. त्यात कुणाचा जीव जात न्हाई, मग देश कशाला ढवळायचा? माझं बोलणं तिन्हीकडं एकच हाय, तुला दिसंना त्याला मी काय करू?

काळा_कोट

आधी कायद्याचं सांगते, मग भांडा.

भारताच्या घटनेत देशव्यापी सार्वमताची तरतूदच नाही. घटना बदलायची तर कलम 368, म्हणजे संसद आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांची विधानमंडळं. राज्याच्या सीमा बदलायच्या तर कलम 3, त्याला संसदेचा साधा कायदा पुरतो. संबंधित राज्यांच्या विधानमंडळांचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नाही. म्हणजे बेळगावच्या लोकांना विचारायची सोय कायद्यात नाही आणि बेंगळुरूने नाही म्हटल्यावर थांबायची सक्तीही नाही. महाराष्ट्राने 2004 मध्ये दावा नेला तो म्हणूनच सर्वोच्च न्यायालयात.

मतदानं झाली ती जोडण्या-तोडण्याच्या वेळी. जुनागढ, फेब्रुवारी 1948. सिक्कीम, एप्रिल 1975. आणि आपल्या चोर्ला घाटापलीकडचं गोवा, 16 जानेवारी 1967. गोवा तेव्हा केंद्रशासित होतं, म्हणून संसदेने 1966 मध्ये त्याच्यासाठी खास कायदा केला. 'गोव्याला दिलं मग आम्हाला का नाही' असं आपल्याकडे हमखास म्हटलं जातं, त्याचं उत्तर यात आहे. पटणारं नसेल, पण आहे.

फौजदारी कायद्याचं तर बोलूच नका. दंडसंहितेपासून साक्षीपुराव्यापर्यंत तिन्ही कायदे डिसेंबर 2023 मध्ये बदलले. त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे शंभरावर खासदार निलंबित होते. 1 जुलै 2024 पासून कलमांचे नवे आकडे लागू. इथल्या वकिलांच्या बाररूममध्ये अजून लोक खुनाला जुनं 302 म्हणतात आणि मग जीभ चावतात. सार्वमत राहू द्या, आधी सभागृहात नीट चर्चा तरी करा.

आणि एक. धर्मांतरबंदीचं विधेयक कर्नाटक विधानसभेने डिसेंबर 2021 मध्ये मंजूर केलं, ते कुठे? आपल्याच सुवर्णसौधात, बेळगावच्या विधानभवनात. पोलिसांच्या गाड्यांनी हायवे भरला होता, तेवढाच आपला सहभाग.

मांडवीकाठी

माहेर शहापूर, सासर म्हापसा. गोव्याच्या कौलाबद्दल सासऱ्यांकडून इतकं ऐकलंय की आता तोंडपाठ आहे.

मतपत्रिकेवर दोन चिन्हं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. निकाल: दोन पानं 1,72,191, फूल 1,38,170. फरक 34,021. आणि गंमत बघा, दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच लोकांनी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं. तुमचा माणूस आम्हाला हवा, तुमचं विलीनीकरण नको. निवडणुकीवरून लोकेच्छा काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

खानापूरकरांच्या मुद्द्याला धरून सांगायचं तर, त्या मतपत्रिकेत तिसरा पर्यायच नव्हता. स्वतंत्र राज्य हवं म्हणणाऱ्याने कुठे शिक्का मारायचा? त्याने दोन पानांवर मारला. राज्य मिळालं 30 मे 1987 ला, वीस वर्षांनी.

चंदगडची_लेक

तुम्ही सगळे आयर्लंड-गोव्याला गेलात. आमच्याकडे, सीमेपलीकडच्या महाराष्ट्रात, बायकांचं सार्वमत गावोगाव होतं की! उभी बाटली, आडवी बाटली.

माहिती नसलेल्यांसाठी: गावातल्या बायकांनी ठरावीक संख्येने सह्या करून अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग तहसीलदार मतदान लावतो. दुकान राहू दे म्हणणारीने उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद कर म्हणणारीने आडव्या बाटलीवर. ऐकायला झकास. पण पेच असा आहे की बाटली आडवी व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं चालत नाहीत, यादीत नोंदलेल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात.

माझ्या माहेरी झालं होतं. मतमोजणीत आडवी बाटली उभीच्या कितीतरी पुढे, आणि तरी दुकान चालू राहिलं. कारण यादीत कोण कोण होतं? माझ्यासारख्या लग्न होऊन बेळगावला आलेल्या, ज्यांचं नाव कुणी काढलं नव्हतं. ऊसतोडीला गेलेल्या. नवऱ्याबरोबर मुंबईत चाळीत राहणाऱ्या. आणि सरळ सांगायचं तर मेलेल्या म्हाताऱ्या. या सगळ्यांचं मत आपोआप दारूच्या दुकानाला. दुकानदाराला एक पैशाचा प्रचार करावा लागला नाही, त्याने फक्त त्या दिवशी बायका घरातून बाहेर पडणार नाहीत एवढं बघितलं. त्यासाठी गावात माणसं असतातच.

जिनिव्हातला_वडगावकर

चंदगडच्या ताईंनी सांगितलं तेच इटलीत राष्ट्रीय पातळीवर चालतं. तिथे एखादा कायदा रद्द करायला सार्वमत घेता येतं, पण निम्म्या मतदारांनी मतदान केलंच पाहिजे. जून 2022 मध्ये न्यायव्यवस्थेबद्दल पाच प्रश्न ठेवले, मतदान झालं जेमतेम एकवीस टक्के. पाचही बाद. विरोधकाने 'नाही' म्हणायची गरजच नाही, समुद्रावर फिरायला जा म्हणायचं. पण त्याच इटलीत 1974 ला घटस्फोटाचा कायदा रद्द करायच्या प्रश्नावर लोक रांगा लावून आले आणि 59 टक्क्यांनी कायदा राखला. विषय पोटाशी आला की येतात.

मी स्वित्झर्लंडमध्ये राहतो, मत नाही, पण वर्षातून तीन-चार वेळा शेजाऱ्याच्या टपालपेटीत जाडजूड लिफाफा येतो तो बघतो. इथे एक लाख सह्या अठरा महिन्यांत गोळा केल्या की घटनेत बदलाचा प्रश्न देशापुढे ठेवता येतो. संसदेने केलेला कायदा अडवायचा तर शंभर दिवसांत पन्नास हजार.

फाशीवाल्यांसाठी खास गोष्ट. 2004 मध्ये इथे अशा एका मागणीवर मतदान झालं की अतिधोकादायक लैंगिक आणि हिंसक गुन्हेगारांना कायमचं डांबून ठेवा, मुदतीने फेरविचार नको. सरकार आणि संसद दोघांचा विरोध. लोकांनी 56 टक्क्यांनी मंजूर केलं. पुढे काय? कायद्यात अट अशी की हा माणूस जन्मभर सुधारणारच नाही असं दोन स्वतंत्र तज्ज्ञांनी सांगितलं पाहिजे. असं जन्मभराचं लिहून द्यायला तज्ज्ञ धजावत नाहीत आणि वरचं कोर्ट शिक्षा फिरवतं. वीस वर्षं झाली, तरतूद जवळजवळ कागदावरच आहे. लोकांचा राग मतपेटीत गेला तिथेच राहिला.

आणि बायकांना मत द्यायचं का, हा प्रश्न इथे 1959 मध्ये पुरुषांना विचारला. 67 टक्के नाही म्हणाले. 1971 ला हो म्हणाले. एका कॅन्टनात, म्हणजे इथल्या राज्यात, तर एप्रिल 1990 मध्येसुद्धा पुरुषांनी चौकात हात वर करून 'नाही'च म्हटलं, त्याच वर्षी कोर्टाने हुकूम काढून बायकांना मत दिलं. यादीत कोण आहे याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मुतिये गावाबद्दल उद्या लिहितो, ते आपल्या बेळगावचं जुळं भावंड आहे. आता झोपतो.

कुंदा_प्रेमी

शंभर दिवसांत पन्नास हजार सह्या? आमच्या गल्लीत गणपतीच्या मांडवाची पाच फूट जागा कमी करायला सात सह्या मिळाल्या नाहीत.

निपाणीचा_तंबाखू

वडगावकर, म्हणजे तज्ज्ञांनी आणि कोर्टाने लोकांचं मत गुंडाळून ठेवलं, आणि तू ते चांगलं झालं म्हणून सांगायलास? मग मत घेतलंच कशाला? आपल्याकडं तरी काय येगळं हाय? निर्भयाच्या वेळी अख्खा देश रस्त्यावर होता. ते बी सार्वमतच की, पेटी नव्हती एवढंच.

काळा_कोट

रस्त्यावर आलेल्यांपैकी कितीजण फाशी मागत होते आणि कितीजण रात्री बसने सुरक्षित घरी जाता यावं एवढंच मागत होते, हे कुणी मोजलं का? न्यायमूर्ती वर्मा समितीने सूचना मागवल्या, महिन्याच्या आत ऐंशी हजारांवर आल्या. 23 जानेवारी 2013 ला अहवाल दिला. बलात्काराला फाशी नको असंच सांगितलं, आणि सोबत पोलीस कसे वागतात, तपासणी कशी करायची, पाठलाग आणि ॲसिडहल्ल्याला वेगळे गुन्हे का हवेत, हेही सविस्तर. सरकारने काही प्रकरणांत फाशी घातलीच.

ऐंशी हजार सूचना वाचून उत्तर देणं आणि एका ओळीवर हो-नाही घेणं यात फरक आहे. न्यूझीलंडचं 1999 चं उदाहरण बघा. दुकानात आईवर हल्ला झालेल्या एका माणसाने सह्या गोळा करून सार्वमत लावलं. एकाच प्रश्नात चार गोष्टी: पीडितांच्या गरजांवर भर द्यावा का, भरपाई द्यावी का, गंभीर हिंसक गुन्ह्यांना किमान शिक्षा ठरवावी का, आणि सक्तमजुरी द्यावी का. उत्तर द्यायचं एकच, हो किंवा नाही. 91.8 टक्के हो. पीडितांना भरपाई नको असं कोण म्हणेल? पण त्याच 'हो'मध्ये सक्तमजुरीही बांधलेली.

2009 मध्ये तिथेच विचारलं, चांगल्या संगोपनाचा भाग म्हणून मुलाला मारलेली चापट हा गुन्हा असावा का? 'चांगल्या संगोपनाचा भाग' हे प्रश्नातच घातल्यावर 87 टक्के नाही म्हणाले यात नवल काय! तिथली ही सार्वमतं बंधनकारक नसतात, सरकारने कायदा होता तसाच ठेवला. साक्षीदाराला असा सूचक प्रश्न आम्ही विचारला तर समोरचा वकील लगेच उभा राहतो.

सौंदत्तीरोड

यल्लम्माच्या डोंगरावर येणाऱ्या बायांमध्ये बरीच वर्षं काम केलं, त्या अनुभवावरून लिहितो. देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा आपल्या भागाला नवा नाही. आपण मुंबई इलाख्यात होतो, 1934 चा कायदा लागू होता. कर्नाटकाने 1982 मध्ये आणखी कडक केला. दोन्ही वेळा गावाला विचारलं नाही. विचारलं असतं तर? जटा आलेल्या पोरीला देवीला सोडायचं का, यावर मत देणार कोण? तिचे आईबाप, पुजारी, आणि पुढे तिला 'ठेवणारा' गावचा पुढारी. पोरगी दहा वर्षांची. तिचं नाव शाळेच्या पटावर नाही, मतदारयादीत कुठून येणार?

1891 च्या संमतिवयाच्या बिलाचं तेच. मुलीचं वय दहावरून बारा करायचं एवढंच होतं, आणि पुण्यात केवढा गदारोळ! टिळकांचा मुद्दा होता की परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये. तेव्हा सार्वमत घेतलं असतं तर बिल आपटलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण कायदा वरून आला म्हणजे काम झालं असंही नाही. बंदी आल्यावर सोडणं थांबलं नाही, ते यात्रेतून घराच्या मागच्या खोलीत गेलं. गुन्हा झाल्यामुळे बायका बोलेनाशा झाल्या. थांबलं ते जिथे देवदासी बायकांनी स्वतः संघटना करून दारोदार जाऊन पोरी अडवल्या तिथे. म्हणून खानापूरकरांचा मुद्दा अर्धाच मान्य.

डॉ_अनगोळ

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सविता बेळगावात असती तर? 1971 चा आपला गर्भपाताचा कायदा तिला पुरेसा होता, सतरा आठवडे म्हणजे मर्यादेच्या आतच. 2021 च्या दुरुस्तीने काही गटांना चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवून दिलं, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्यात घेतलं. हे सगळं एकाही सार्वमताशिवाय.

पण आपला कायदा बाईच्या हक्काची भाषा करत नाही. डॉक्टरचं मत झालं तर, अशी त्याची रचना आहे. 1971 मध्ये तो सहज पास झाला त्याचं एक कारण लोकसंख्या नियंत्रण हेही होतं. त्यामुळे आजही कायदेशीर कारणाने आलेली बाई माझ्यासमोर चोरासारखी बसते, आणि नवऱ्याची सही लागत नाही हे तिला आणि सोबतच्या सासूला दरवेळी सांगावं लागतं. आयर्लंडमध्ये मतदानाआधी चिठ्ठ्या टाकून निवडावं तसे 99 सामान्य नागरिक निवडले, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश बाई अध्यक्ष, पाच शनिवार-रविवार डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूच्या बायका यांचं ऐकवलं. मग प्रश्न संसदेत, मग लोकांत. त्या काळात गावागावांत आयांनी मुलींना गर्भपातासाठी केलेल्या आपल्या लंडनवाऱ्या पहिल्यांदा सांगितल्या. कायदा आम्हाला आधी मिळाला, ते बोलणं अजून व्हायचंय.

निपाणीचा_तंबाखू

डॉक्टरबाई, हे पटलं. 99 माणसं आधी बसवायची ही गोष्ट मला आवडली. फाशीवर बी तसं करा, माझी हरकत न्हाई.

लग्नाचं मात्र तसंच. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये संसदेवर सोडलंय ना, मग ऱ्हाऊ दे तिथं.

खानापूरकर

तंबाखूशेठ, आयर्लंडने 2015 मध्ये समलिंगी विवाहावरही मतदान घेतलं, 62 टक्के हो. तो जगातला पहिला देश ज्याने हे लोकांना विचारून केलं. तुम्ही म्हणता तसा देश ढवळला का? घटस्फोटाच्या वेळी ढवळला होता. 1986 ला नाही, 1995 ला पुन्हा विचारलं, सोळा लाखांवर मतांत अवघ्या 9,114 मतांनी हो. तेव्हाही आभाळ कोसळेल म्हणत होते.

आणि दरवेळी पुरोगामीच निकाल लागतो असंही नाही. मार्च 2024 मध्ये कुटुंबाची व्याख्या रुंद करायचा आणि घरातल्या बाईच्या कामाबद्दलचं जुनं कलम बदलायचा प्रस्ताव होता, तोही महिला दिनी. दोन्ही दणकून पडले. सगळे मोठे पक्ष बाजूने असूनही. भाषा लोकांना कळली नाही, आणि न कळलेल्या कागदावर अंगठा द्यायला लोक तयार झाले नाहीत. मला तर ते शहाणपणाचं वाटलं.

सौंदत्तीरोड, तुमचा उरलेला अर्धा मुद्दा मला मान्य आहे.

जिनिव्हातला_वडगावकर

मुतियेचं सांगतो म्हणालो होतो. बर्न हा जर्मनभाषक कॅन्टन, त्यात ज्यूरा हा फ्रेंचभाषक डोंगराळ भाग, 1815 मध्ये राजेलोकांनी जोडलेला. वेगळं व्हायची चळवळ, जाळपोळ, फलकांवर काळं फासणं, सगळं आपल्यासारखं. शेवटी 1974 मध्ये आधी पूर्ण भागाला विचारलं, मग 1975 मध्ये जिल्ह्यांना, मग सीमेवरच्या एकेका गावाला. खेडे हा घटक! उत्तरेकडच्यांचा वेगळा कॅन्टन 1979 ला झाला. दक्षिणेकडचे जिल्हे बर्नमध्येच राहिले, तेही फ्रेंच बोलणारे. कारण ते प्रोटेस्टंट आणि उत्तरेकडचे कॅथलिक. भाषा एक म्हणून मत एक, हे तिथे साफ चुकलं.

मुतिये शहर अगदी थोडक्या मतांनी बर्नमध्ये अडकलं. 2017 मध्ये पुन्हा मतदान, 137 मतांनी ज्यूराकडे. ते रद्द झालं, कारण मतदारयादीत गावात न राहणारी नावं आणि महापौराचा प्रचार. 2021 मध्ये केंद्राच्या निरीक्षकांसमोर परत घेतलं, 2,114 विरुद्ध 1,740. आणि 1 जानेवारी 2026 ला ते शहर ज्यूरात गेलं.

तिसरं_रेल्वेगेट

वाचून अंगावर काटा आला. आम्हाला काय मिळालं? महाजन आयोग. 1967 मध्ये त्याने सुचवलं, 264 गावं इकडून तिकडे, 247 तिकडून इकडे, बेळगाव शहर मात्र तिथेच. लोकेच्छा विचारलीच नाही.

निपाणीचा_तंबाखू

निपाणी त्या 264 मध्ये होती, विसरू नको. आम्ही शहरासाठी थांबलो.

बरं, खानापूरकर. तू प्रश्न कोण लिहिणार म्हणून धागा काढलास. तूच लिही बघू बेळगावचा प्रश्न. पर्याय किती?

खानापूरकर

महाराष्ट्र, कर्नाटक, आणि तिसरा केंद्रशासित. गोव्यासारखी कोंडी नको.

मांडवीकाठी

तिसरा ठेवलात की मराठी मतं फुटणार. हे कर्नाटकवाल्यांना आवडेल.

काळा_कोट

पर्याय नंतर. आधी मतदार कोण ते सांगा. आज बेळगावात राहणारे सगळे? मग उद्यमबागेत कामाला आलेले हुबळी-बागलकोटचे लोक आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलं यादीत. 1956 च्या, म्हणजे राज्यपुनर्रचनेच्या वेळच्या यादीतली कुटुंबं म्हणाल, तर इथे तीन पिढ्या काढलेल्या कन्नड शेजाऱ्याच्या नातीला मत नाही, आणि पुण्यात फ्लॅट घेऊन बसलेल्या माझ्या चुलतभावाला आहे.

चंदगडची_लेक

माझं नाव अजून माहेरच्या यादीत आहे. मला बेळगावचं मत मिळणार का? लग्न होऊन इथे अठरा वर्षं झाली.

निपाणीचा_तंबाखू

वैनी, तुम्हाला मिळणारच की. 1956 चं धरा.

चंदगडची_लेक

1956 चं धरलं तर मी नाही बसत, भाऊजी.

खानापूरकर

कन्नड शेजाऱ्याची नात यादीत हवी, असं माझं मत. हरलो तरी चालेल. आता शिव्या घाला.